हलवला नाही, हलला

ब्रेक दाबला आणि हातातलं स्टिअरिंग थरथरायला लागलं, तर तुम्ही आधी कुणावर संशय घ्याल? गाडीवर, की ज्याच्या हातात ते स्टिअरिंग आहे त्याच्यावर?

खरं सांगा. चालवणारा तरणाताठा असेल तर गाडीवर घ्याल. म्हातारा असेल तर म्हाताऱ्यावर. आमच्या सल्त गावानं तेच केलं, आणि वर त्याला काळजी असं गोंडस नाव दिलं.

त्यात आमच्या बोलीनं भर घातली. हाताला कापरं भरलं तरी आम्ही ‘रजफा’ म्हणतो आणि स्टिअरिंग थरथरलं तरी रजफाच म्हणतो. अबू मुतलक एका सकाळी टॅक्सीच्या अड्ड्यावर एवढंच बोलला, की उताराला लागलो की रजफा येतो. तो गाडीबद्दल बोलत होता. अड्ड्यानं हातांबद्दल ऐकलं. दुपारपर्यंत त्याचा आजार ठरला, संध्याकाळपर्यंत त्यावरचा काढा ठरला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सीटवर कोण बसणार यावर दोघांची जुंपलीसुद्धा.

अबू मुतलक सर्वीस चालवतो. माणशी भाडं घेऊन ठरल्या रस्त्यानं धावणारी टॅक्सी, ती सर्वीस. सल्तच्या डोंगरावरून निघायचं, वादी शुऐबच्या दरीतल्या वळणांनी खाली शूना गावापर्यंत उतरायचं, आणि तिथून माणसं, भेंडी, टोमॅटोच्या पेट्या जे मिळेल ते घेऊन वर यायचं. हयात गेली त्याची या एका रस्त्यावर. शूनाच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या मुलींना त्यांच्या आया बजावून सांगत, थांबावं लागलं तरी चालेल, पण अबू मुतलकच्याच गाडीत बस.

आणि हा माणूस कापतो, अशी बोंब झाली.

बोंबेला पुरावा मिळाला तो कॉफीच्या कपातून. कडू कॉफीचा तो इवलासा कप रिकामा करून नुसता पुढं धरला, की वाढणारा पुन्हा ओततो. पुरे झालं असेल तर कप दोन बोटांत धरून हलवायचा. तोंडानं काही बोलायचं नाही. एकदा अबू मुतलक शूनाची फेरी करून थेट अड्ड्यावर आला, पहिला कप प्यायला, दुसऱ्यासाठी हात पुढं केला. कप हलला. वाढणाऱ्यानं कप काढून घेतला आणि पुढच्याकडं गेला. अबू मुतलकला अजून हवी होती. पण मागून कॉफी पिणाऱ्यांतला तो नाही. समोर बसलेल्या शाहेरनं कपाचं हलणं टिपलं.

शाहेर अड्ड्याचा मुकादम. कुणाची गाडी कधी सुटणार, कोण लाइनवर राहणार, कोण नाही, हे तो ठरवतो. माझं त्याच्याशी कधी पटलं नाही, पण खोटं लिहिणार नाही: माणूस वाईट नाही. त्याचा सख्खा चुलतभाऊ याच उतारावर अपघातात गेला. तेव्हापासून उतार म्हटला की त्याचं डोकं बंद होतं.

अबू मुतलक गाडी घेऊन गेला जिर्यिसकडं. हे सगळं मी लिहितोय ते या जिर्यिससाठी.

औद्योगिक वसाहतीच्या शेवटच्या रांगेत, जिथून ऑलिव्हचा उतार सुरू होतो, तिथं जिर्यिसचं गॅरेज. मेकॅनिकला आमच्याकडं ‘मुअल्लिम’ म्हणतात, म्हणजे उस्ताद. कुणालाही म्हणतात. जिर्यिसला म्हणताना मात्र माणसं जरा सरळ उभी राहतात. पांढरा, इस्त्रीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कोपराच्या वर त्याला काळा डाग लागलेला मी पाहिला नाही. सैन्याच्या वर्कशॉपात हात बसला, मग कुवेतला बसच्या डेपोत वर्षं काढली, आणि नव्वद साली तिथं युद्ध पेटलं आणि सगळे परतले तसा तोही टपावर गाद्या बांधून परतला. अंजिराच्या झाडाखाली एक जॅक मांडून सुरुवात केली. झाड अजून आहे, गॅरेज त्याच्याभोवती वाढलं.

डेपोतल्या जनरेटरांनी त्याचा डावा कान खाल्ला होता. बाकीचे मेकॅनिक गाडी ऐकतात. जिर्यिस गाडीला हात लावून बसतो. डॅशबोर्डवर तळवा, दुसरा सीटच्या कडेवर, आणि डोळे रस्त्यावर.

तोंडाचा मात्र फाटका. कुणी येऊन म्हणालं, मुअल्लिम, ब्रेकची डिस्क बदलून द्या, तर हा म्हणणार, “निदान तूच केलंस ना? मग ऑपरेशनही कर. मी बसतो बाहेर तुझ्या नातेवाइकांबरोबर.” गाडी तिच्या रोजच्या ड्रायव्हरनंच आणायची, हा त्याचा नियम. एका ठेकेदारानं नोकराच्या हाती गाडी पाठवली, तर यानं तशीच परत पाठवली. निरोप दिला, की हिचे हातपाय घरी राहिलेत, ते घेऊन या. रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत, आणि बाहेर आल्यावर भांडायलाही पहिल्या रांगेत. अशी माणसं मला आवडतात. मी स्वतः कायदा रद्दीतल्या वर्तमानपत्रांवरून शिकलो, ड्रायव्हर आणि प्रवाशांची समिती काढली, कुणाच्या बापाला विचारलं नाही. गावातले मला चिडवून ‘उस्ताज’ म्हणतात, जसा काही मी प्रोफेसर. जिर्यिसही म्हणतो. त्याच्याकडून मी ऐकून घेतो.

त्या पहिल्या वेळी त्यानं गाडी रीतसर तपासली. सपाट रस्त्यावर नेली. ब्रेक न लावता वेगात चालवली, स्टिअरिंग गप्प. म्हणजे टायरचं बॅलन्सिंग ठीक. ब्रेक लावला, स्टिअरिंग थरथरलं. मग रिकाम्या रस्त्यावर वेग कमी करून नुसता हँडब्रेक हळूच ओढला. तो मागच्या चाकांना धरतो. काही नाही. म्हणजे दुखणं पुढं. गॅरेजात आणून पुढचं चाक काढलं, एक तार अशी बांधली की तिचं टोक डिस्कला टेकतंय न टेकतंय, आणि डिस्क हातानं फिरवली. अर्ध्या फेऱ्यात तार खरवडत होती, अर्ध्या फेऱ्यात मध्ये फट दिसत होती. डिस्क झिजून वाकडी झाली होती. जुनीच होती. दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि ब्रेक पॅड नवे घातले. आता तुझ्या मुलाच्या, मुतलकच्या, लग्नात नाचलास तरी थरथरणार नाही, म्हणाला.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत रजफा परत आला.

आता शाहेरला मुद्दा सापडला. गाडी दुरुस्त करून आणली, नवं सामान घातलं, तरी कापतंच आहे, म्हणजे दोष गाडीचा नाही, असा त्याचा हिशेब. ऐकायला बिनचूक. पुढच्या शनिवारपासून अबू मुतलकची चावी अबू मुतलकच्याच पुतण्याकडं जाईल, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. गाडी तुझीच, चालवेल तो, तू घरी आराम कर. अबू मुतलक तिथून उठला. माझ्याकडं येऊन बसला तेव्हा म्हणाला, “घरी मी काय करू? त्या घरात माझी जागा फक्त झोपायची आहे, उस्ताज. बायको दिवसा मला पाहुणा समजते.”

हसत म्हणाला. पण हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, सुट्या भागांच्या दुकानदारानं नकली डिस्क गळ्यात मारली. त्याच्या दारात जाऊन चार माणसं जमवायची, असं ठरवून मी जिर्यिसला बोलवायला गेलो. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. अबू मुतलकच्या गाडीचं चाक काढून तो डिस्ककडं बघत उभा होता. तिच्यावर निळसर डाग पडले होते, केसासारख्या बारीक चिरा गेल्या होत्या.

“माल चांगला आहे,” तो म्हणाला. “चूक माझी आहे.”

ऐकू कमी येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. सगळ्या रांगेनं ऐकलं. समोरचा पत्रेवाला हातोडी थांबवून बघायला लागला, कारण जिर्यिसच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की त्या वेळी गाडी तपासताना स्टिअरिंगवर तो स्वतः बसला होता. अबू मुतलक बाजूला. ड्रायव्हर बोलावून घेतो आणि त्याला चालवताना बघत नाही, मग नियम कशाला केला, म्हणून स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “आणि तू, उस्ताज, उद्या सकाळी मागच्या सीटवर बस. तोंड मिटून. जमेल?”

सकाळी निघण्याआधी जिर्यिसची बायको नज्ला कॉफी घेऊन आली. अबू मुतलकनं पहिला कप संपवला, पुढं धरला. कप दगडासारखा स्थिर. दुसरा प्यायला, मग दोन बोटांत धरून हलवला, पुरे. जिर्यिस फक्त बघत होता. मला वाटलं, जिर्यिस वेळ काढतोय.

गाडी रिकामीच होती. अबू मुतलक स्टिअरिंगवर, जिर्यिस बाजूला, मी मागं. गाव संपलं, उतार लागला, आणि पहिल्या वळणापासून अबू मुतलकचा पाय ब्रेकवर. उचललाच नाही. मी या गाडीतून शंभरदा उतरलो असेन. पूर्वी तो वरूनच दुसरा गिअर टाकायचा, इंजिन गुरगुरत गाडी धरून ठेवायचं, ब्रेक वळणापुरता. आता इंजिन गप्प आणि ब्रेकला सुट्टी नाही. अर्ध्या वाटेत जळका वास आला. स्टिअरिंग अशी फडफड करायला लागलं, की त्याच्या मनगटांच्या शिरा वर आल्या. त्यानं ते आणखी घट्ट आवळलं. जिर्यिसचा तळवा डॅशबोर्डवर, चेहऱ्यावर काही नाही. मला बोलायचं होतं. गिळलं.

झऱ्यापाशी अबू मुतलकनं गाडी बाजूला घेतली. तिथं हमदानची कॉफीची टपरी आहे. गाडी थांबते न थांबते तोच हमदान बादली घेऊन धावत आला आणि पुढच्या दोन्ही चाकांवर गार पाण्याचा सपकारा मारला. चर्र झालं. वाफेचा असा लोट उठला की बोनेट दिसेना.

“घोडीला पाणी पाजलं,” हमदान खुशीत म्हणाला. “आता या, तुम्ही प्या.”

हमदानचे आजोबा याच झऱ्यावर पाहुण्यांच्या घोड्यांना पाणी पाजत. आधी जनावर, मग माणूस. घोड्या गेल्या, गाड्या आल्या, रीत राहिली. बाकीचे सर्वीसवाले इथं चढताना थांबतात. तेव्हा ब्रेक गार असतात, चाकांवर समुद्र ओतला तरी काही बिघडत नाही. उतरताना कुणी थांबत नाही. अबू मुतलक थांबायला लागला होता.

जिर्यिस ओल्या चाकापाशी उकिडवा बसला. मग आम्ही तिघं दगडांवर टेकलो, हमदाननं कॉफी ओतली. अबू मुतलकनं कप संपवून पुढं धरला. कप थरथरला. हमदाननं सवयीनं तो घ्यायला हात केला, आणि जिर्यिसनं हमदानचं मनगट पकडलं.

“थांब. त्यानं हलवला नाही. हलला.”

हमदानला काही कळलं नाही. अबू मुतलकला कळलं, कारण त्यानं मान खाली घातली. जिर्यिस उठून त्याच्यासमोर जमिनीवर बसला, इस्त्रीच्या पँटसकट. हे उतरताना थांबणं कधीपासून, विचारलं. अबू मुतलक म्हणाला, हातांना जरा आराम म्हणून. खाली शूनात लोकांनी बघू नये म्हणून. आणि दुसरा गिअर का सोडला? इंजिन ओरडलं की सगळे माझ्याकडं बघतात, तो म्हणाला, म्हातारा घाबरला असं वाटतं त्यांना. म्हणून ब्रेकवरच, हळू, गुपचूप उतरवतो.

मला तेव्हा सगळं दिसलं, आणि तुम्हीही बघा. पहिला रजफा खरोखर जुन्या डिस्कचा. तो गेला. पण तोवर गावानं त्याच्या हातांकडं बघायला सुरुवात केली होती. लोक बघतात म्हणून तो ब्रेकवर उतरू लागला. ब्रेकवर उतरला म्हणून डिस्क तापून लाल झाल्या. तळवे बधिर झाले म्हणून झऱ्यावर थांबला. थांबला म्हणून लाल डिस्कवर गार पाणी पडलं आणि नव्या डिस्क वाकल्या. वाकल्या म्हणून पुन्हा रजफा. आणि तासभर असलं स्टिअरिंग आवळून धरलं, तर कुणाच्या हातात कप स्थिर राहील? सकाळी नज्लाच्या अंगणात राहिला होताच की. गाडीचं कापरं त्याच्या हातांत उतरत होतं आणि गावाचं बोलणं त्याच्या पायातून गाडीत.

मी म्हणालो, चला, आत्ताच डिस्क बदलू, उद्या अड्ड्यावर जाऊन शाहेरच्या तोंडावर फेकू. जिर्यिस नाही म्हणाला. आज बदलल्या तर शाहेर म्हणेल, मागच्या वेळीही दोन महिने ठीकच होतं. गाडी आहे तशीच त्याच्या हातात द्यायची. “जा, मुकादमाला घेऊन ये. तुझ्या पद्धतीनं आण, मी विचारणार नाही.”

माझ्या पद्धतीनं आणला. अड्ड्यावर चांगलीच खडाजंगी झाली, ती इथं लिहीत नाही. शेवटी शाहेर चिडून म्हणाला, दे ती चावी, मीच दाखवतो.

त्या फेरीला जिर्यिस त्याच्या बाजूला बसला आणि सांगत राहिला: गिअर राहू दे. पाय ब्रेकवर ठेव. उचलू नको. अबू मुतलक असाच उतरतो, तूही तसाच उतर. अबू मुतलक माझ्याशेजारी मागं बसला होता. आपल्याच गाडीत मागच्या सीटवर तो बहुधा पहिल्यांदाच बसला असेल. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. शाहेर आधी बडबडत होता. स्टिअरिंगनं फडफड धरली तेव्हा त्यानं जबडा आवळला. उतार त्याला कधीच आवडला नाही, आणि आता तो उतार त्याच्या कोपरापर्यंत चढत होता.

झऱ्यावर उतरलो. शाहेरनं घाम पुसला. हमदाननं कॉफी दिली, त्यानं एका घोटात संपवली आणि कप पुढं केला. हमदाननं कपाकडं बघितलं, कप काढून घेतला आणि धुवायला ठेवला.

“अरे,” शाहेर म्हणाला, “मी अजून घेणार होतो.”

“हलवलास ना,” हमदान म्हणाला.

“नाही हलवला.”

जिर्यिसनं आपला कप शांतपणे संपवला. “शाहेर, तुझी चावी कुणाकडं द्यायची? तुला पुतण्या आहे का?”

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी हसायची संधी सोडत नाही. शाहेर स्वतःच्या तळव्यांकडं बघत होता. अबू मुतलक उठला, हमदानच्या हातातून कॉफीचं भांडं घेतलं आणि शाहेरचा कप स्वतः भरला. तो मागं बसून आला होता, हात विश्रांती घेतलेले. एक थेंब बाहेर सांडला नाही. मुकादमानं कप दोन्ही हातांनी घेतला. चावी त्यानं खिशातून काढून दगडावर ठेवली, अबू मुतलकच्या बाजूला.

पुढचं काम जिर्यिसचं. नव्या डिस्क आणल्या. बसवण्याआधी ज्यावर डिस्क टेकते तो हब तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत केला, कारण तिथं गंजाचा पापुद्रा राहिला तरी नवी डिस्क वाकडी बसते. चाकाचे नट हवेच्या बंदुकीनं नाही, हातात पाना घेऊन, एक इकडचा एक समोरचा असे सारख्या ताकदीनं आवळले. अबू मुतलकला ताकीद दिली: वरूनच दुसरा गिअर, इंजिन ओरडलं तर ओरडू दे, ते तुझ्यासाठी ओरडतंय. सगळ्यांत अवघड गेलं हमदानला समजावणं. पाहुण्याच्या घोडीला पाणी पाजायचं नाही, हे त्याला अपमानासारखं लागलं. शेवटी तोड निघाली. आता तो बादली आणतो आणि ड्रायव्हरच्या हातांवर पाणी घालतो. अबू मुतलक उतरताना थांबत नाही. चढताना थांबतो, हात पुढं करतो आणि मोठ्यानं म्हणतो, घोडेस्वाराला पाज.

स्टिअरिंग गप्प आहे. कप तो स्वतः हलवतो, तिसऱ्यानंतर.

जिर्यिसबद्दल एक राहिलं. गेल्या हिवाळ्यात सकाळी गॅरेजात बसलो होतो. नज्लाची कॉफी आली. कुठलीही गाडी चालवलेली नव्हती, पाना हातात घेतलेला नव्हता. त्याच्या हातातला कप हलला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तो म्हणाला, “इकडं बघ, उस्ताज. हा रजफा गाडीचा नाही. हा माझा आहे.” आणि ज्या आवाजात त्यानं डिस्कची चूक कबूल केली होती त्याच आवाजात, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, म्हणाला की आजपासून मी गाडी चालवणार नाही. चावी कुणी मागितली नव्हती. कुणाची हिंमतही नव्हती. त्यानं स्वतः तपासलं, स्वतः सांगितलं.

आता रोज सकाळी अबू मुतलक अड्ड्यावर जाण्याआधी त्याच्या दारात हॉर्न देतो आणि त्याला गॅरेजात सोडतो. जिर्यिस पुढं बसतो, तळवा डॅशबोर्डवर. वाटेत एखाद्या सिग्नलला ब्रेक लागला की विचारतो, मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक-ड्रम कधी साफ केलास? त्याचा अंदाज बरोबर निघतो. तळवा कापत असला तरी त्याला दोन कापरी वेगळी ओळखता येतात.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या, अड्ड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या हातातून चावी काढून घ्यायची वेळ आली आहे असं वाटलं, तर आधी एक फेरी त्याच्या शेजारी बसा. तोंड मिटून. तळवा डॅशबोर्डवर ठेवा. आणि मग एकदा तीच गाडी, तोच उतार, स्वतः चालवून बघा.